सेवार्थ प्रणाली : पगार काढायला पक्की, माणसे मोजायला कच्ची

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांचा पगार दशकभराहून अधिक काळ सेवार्थ या संगणकीय वेतन प्रणालीतून निघतो. लेखा व कोषागारे संचालनालयाच्या महाकोष संकेतस्थळावर बीम्स (अनुदानाचे वाटप), कोषवाहिनी (कोषागारातली व्हाउचरे), अर्थवाहिनी, निवृत्तिवेतनवाहिनी या इतर प्रणालींच्या रांगेत ती बसलेली आहे. आस्थापना किंवा लेखा शाखेत काम करणाऱ्याला ती टाळता येत नाही, तेव्हा घ्यावी की घेऊ नये हा प्रश्नच उरत नाही. तिचा कोणता आकडा डोळे मिटून उचलावा आणि कोणत्या आकड्याखाली सही करण्याआधी दुसरी फाईल उघडावी, एवढेच या परीक्षणात पाहू.

निकाल आधीच सांगून टाकतो. अमुक कर्मचाऱ्याला अमुक महिन्यात किती मिळाले, किती कापले गेले आणि कुठे गेले, हे सेवार्थ रुपयापर्यंत सांगते. या कार्यालयात प्रत्यक्ष किती माणसे काम करतात आणि त्यांच्यावर वर्षाला किती खर्च होतो, असे विचारले तर मात्र ती अर्धेच उत्तर देते. उरलेले अर्धे आकृतिबंधाचा (मंजूर पदांच्या आराखड्याचा) शासन निर्णय, बीम्स, कोषवाहिनी आणि कार्यालयातली हजेरी यांतून जुळवावे लागते. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात वेतनाचा अंदाज दीड लाख कोटी रुपयांच्या पुढे होता. यातला सरकारी कर्मचाऱ्यांचा वाटा ज्या प्रणालीतून जातो तिच्याकडून ही अपेक्षा जास्त नाही.

देयकाची वाट

जे चांगले आहे ते आधी. सेवार्थचे देयक ठरलेल्या पायऱ्यांनी पुढे जाते. आधी महिन्याचे बदल भरायचे : नवीन रुजू, बदलीने कार्यमुक्त, असाधारण रजा, अग्रिमाचा हप्ता सुरू किंवा बंद, विमा आणि पतसंस्थेसारख्या बिगर शासकीय वजाती. महिन्याच्या मध्येच रुजू झालेल्याचे किंवा बिनपगारी रजेवर गेलेल्याचे वेतन खंडित कालावधीच्या पानावर भरायचे. मग बदल विवरणपत्र तयार करून आहरण व संवितरण अधिकाऱ्याची (कार्यालयासाठी कोषागारातून पैसे काढण्याचा अधिकार असलेल्याची) मान्यता घ्यायची, बिल ग्रुपनिहाय (एका लेखाशीर्षाखाली पगार निघणाऱ्यांच्या गटानुसार) देयक काढायचे, तपासायचे आणि बीम्सला पाठवायचे. बीम्स त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यात, अनुदान आहे का ते पाहते, रक्कम अडवून ठेवते आणि प्राधिकारपत्र देते. प्राधिकारपत्र आणि नमुना ४४ मधले देयक कोषागारात गेले की टोकन पडते. मुंबईत हेच काम अधिदान व लेखा कार्यालयात होते. देयक पारित झाल्यावर व्हाउचर क्रमांक आणि तारीख सेवार्थमध्ये परत भरायची.

या साखळीतली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे बदल विवरणपत्र. अनेक कार्यालयांत ते नुसते क्लिक करून पुढे ढकलले जाते. खरे तर दर महिन्याची निम्मी तपासणी तिथेच उरकते. मागच्या महिन्याची स्थूल, म्हणजे वजातींपूर्वीची, रक्कम घ्या, त्यात बदल विवरणपत्रातली निव्वळ वाढ किंवा घट मिळवा आणि नव्या देयकाच्या स्थूल रकमेशी ताडून पाहा. फरक एक रुपयाचाही असला तरी देयक पुढे पाठवू नका. बहुतेक वेळा कारण साधे निघते. कुणाचा भत्ता पात्रतेच्या पानावरून चुकून निघालेला असतो, बदलून आलेल्याच्या घरभाड्याचा दर ठरवणारा शहरवर्ग जुनाच राहिलेला असतो, किंवा अग्रिमाचा शेवटचा हप्ता होऊनही वसुली चालूच असते.

देयक बीम्सला गेल्यावर चूक सापडली तर सेवार्थमध्ये ते थेट खोडता येत नाही. आधी बीम्समधून नाकारून घ्यावे लागते, तेव्हाच अडकलेले अनुदान मोकळे होते. मग सेवार्थमध्ये खोडून नव्याने काढायचे. हा क्रम ठाऊक नसल्याने महिनाअखेरीस एकेक दिवस वाया जातो, आणि मार्चमध्ये तर एक दिवस वाया म्हणजे पूर्ण अनुदान हातचे गेले.

व्हाउचर नोंदीचा कंटाळा सगळेच करतात. पगार खात्यात पडला की देयकाची फाईल कपाटात जाते. व्हाउचर नसले की त्या महिन्याच्या वजातींना पुरावा उरत नाही. गट ड कर्मचाऱ्यांची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी, १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांचे निवृत्तिवेतन योजनेतले अंशदान, घरबांधणी अग्रिमाची वसुली, सगळे त्या क्रमांकाशी बांधलेले असते. वर्षे उलटल्यावर निवृत्तीच्या प्रकरणात हाच हप्ता 'आढळून येत नाही' म्हणून परत येतो आणि तेव्हा जुन्या देयकांची बासने सोडावी लागतात. देयक काढणे आणि वेतनचिठ्ठी देणे या कामासाठी आम्ही सेवार्थला पाचपैकी चार गुण देऊ. एक गुण कापला तो महिनाअखेरीच्या संथपणासाठी.

पद नसेल तर माणूस नाही

मनुष्यबळाच्या हिशेबाचा कणा म्हणजे पद. सेवार्थमध्ये माणूस पदाला जोडलेला असतो, पद शासन निर्णयाला, आणि ही मांडणी योग्यच आहे. विभागाचा संकेत, नावाची आद्याक्षरे, लिंग आणि जन्मवर्ष यांतून बनलेला सेवार्थ आयडी कर्मचाऱ्याबरोबर सेवाभर फिरतो. बदली झाली की जुन्या कार्यालयाने त्याला पदावरून सोडवायचे, नव्या कार्यालयाने आपल्या रिक्त पदावर घ्यायचे. सगळ्यांनी वेळेवर केले तर मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे एका अहवालात मिळायला हवीत.

मिळत नाहीत, कारण पदे भरली ती प्रत्येक कार्यालयाने आपापल्या कागदांवरून. प्रणाली सुरू झाली तेव्हा ज्याच्या हाती जो निर्णय होता त्यावरून पदे उभी राहिली. पुढे आकृतिबंध सुधारला, उच्चस्तरीय सचिव समितीने काही पदे व्यपगत (रद्द) केली, काही नव्या नावाने दिली. नवी पदे तातडीने नोंदली गेली, कारण त्यांवर माणसे घ्यायची होती. जुनी मिटवण्याची घाई कुणाला नव्हती. त्यामुळे एकाच मंजुरीची दोन पदे दिसतात, एक भरलेले आणि एक रिक्त. वरच्या कार्यालयाने अहवाल एकत्र केला की रिक्त पदांचा आकडा फुगतो, आणि विधिमंडळात तोच उत्तरात जातो.

दुसरी खोच अस्थायी पदांची. त्यांना मुदत असते आणि मुदतवाढीचे शासन निर्णय बहुधा फेब्रुवारीअखेर किंवा ऑगस्ट-सप्टेंबरअखेर संपणाऱ्या मुदतींचे असतात. सेवार्थमध्ये पदाची शेवटची तारीख उलटली की त्या पदावरच्या माणसाचे नाव देयकात येत नाही. निर्णय निघालेला असतो, पण कार्यालयाने त्याचा क्रमांक, दिनांक आणि नवी मुदत भरलेली नसते. मार्चच्या देयकात अचानक सहा-आठ नावे गळाली तर आधी हेच पाहा. उपाय दहा मिनिटांचा आहे : मुदत संपलेल्या पदांची यादी उघडायची, नव्या निर्णयाचा तपशील भरायचा, अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची, देयक पुन्हा काढायचे. निर्णयच निघालेला नसेल तर मात्र वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. घाईघाईने जुन्याच निर्णयावर तारीख वाढवून पगार काढला की लेखापरीक्षणात नेमका तोच आक्षेप येतो.

अधिसंख्य पदांची गोष्ट वेगळी. अनुसूचित जमातीचे जातप्रमाणपत्र अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अधिसंख्य पदांवर अकरा महिन्यांसाठी घेण्यात आले. त्यांचे मूळ पद रिक्त धरायचे असते आणि ते स्वतः मंजूर संख्येच्या बाहेर. एखाद्या कार्यालयाने नोंद जुन्याच पदावर ठेवली तर तिथे भरती होऊ शकत नाही. नोंद हलवली पण अकरा महिन्यांची मुदत पाळली नाही, तर पगार अडतो. अशा कर्मचाऱ्यांची वेगळी यादी ठेवून मुदत संपण्याच्या महिनाभर आधी प्रस्ताव पाठवणे, एवढा एकच मार्ग उरतो.

याहून अवघड आहेत ती न दिसणारी माणसे आणि न दिसणारे रिकामेपण. अतिरिक्त कार्यभारात एकच तहसीलदार किंवा गटशिक्षणाधिकारी दोन खुर्च्या सांभाळतो. प्रणालीत दुसरी खुर्ची रिक्त, प्रत्यक्षात काम रेटले जाते. उसनवारीवर पाठवलेल्याचे उलटे. लिपिक जिल्हा कार्यालयात बसतो, पगार तालुक्याच्या पदावर निघतो, आणि तालुक्यात 'सर्व पदे भरलेली' असा अहवाल असताना खिडकीवर कुणी नसते. प्रतिनियुक्तीवर गेलेला तर पदही अडवून ठेवतो आणि पगारही दुसरीकडे घेतो. उसनवारीची नोंद करायला सेवार्थमध्ये सोयीचे पान नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव आमच्या मते. कारण उसनवारी हा अपवाद राहिलेला नाही, तो नेहमीचा कारभार झाला आहे.

म्हणून तिमाहीतून एकदा चार रकाने असलेली साधी तालिका हाताने करावी. पहिल्यात आकृतिबंधाच्या निर्णयातली पदसंख्या, दुसऱ्यात सेवार्थमधली, तिसऱ्यात त्या महिन्याच्या देयकातली नावे, चौथ्यात हजेरीपटावरची माणसे. पदनामनिहाय ओळी. पहिला आणि दुसरा रकाना जुळला नाही तर पदांची नोंद बिघडलेली आहे. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की रिक्त पदे, त्यांतून मुदत संपलेली वेगळी काढायची. तिसरा आणि चौथा जुळला नाही तर उसनवारी, प्रतिनियुक्ती, दीर्घ रजा, निलंबन यांपैकी काहीतरी आहे. निलंबित कर्मचारी निर्वाह भत्त्यासह देयकात असतो, हजेरीपटावर नसतो, हे विसरू नये. पन्नास-साठ पदांच्या कार्यालयाला या कामाला एक दुपार पुरते.

एका पदाचा खर्च

वेतनखर्चाचा अंदाज करताना सर्रास होणारी चूक म्हणजे एका महिन्याच्या देयकाला बाराने गुणणे. ही चूक नेमकी कुठे नेते ते लिपिक-टंकलेखकाच्या पदावर पाहू. स्तर एस-६, वेतन १९,९०० ते ६३,२००. नवीन लागलेल्याचे मूळ वेतन १९,९००. १ जानेवारी २०२५ चा ५५ टक्के महागाई भत्ता १०,९४५. मुंबईत घरभाडे ३० टक्क्यांनी ५,९७०, वाहतूक भत्ता १,०००. किरकोळ स्थानिक पूरक भत्ता बाजूला ठेवला तर बेरीज ३७,८१५. त्यावर शासनाचे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतले अंशदान, मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्के, म्हणजे ४,३१८. एकूण ४२,१३३ रुपये महिना, वर्षभर काहीच बदलले नाही तर वर्षाला ५,०५,५९६. हेच पद झेड, म्हणजे सर्वांत खालच्या, शहरवर्गातल्या तालुक्याच्या गावी असेल तर घरभाडे १० टक्क्यांनी १,९९० आणि वाहतूक भत्ता ६७५, एकूण ३७,८२८. पद तेच, निर्णय तोच, फरक दरमहा ४,३०५ रुपयांचा. राज्यस्तरावर 'सरासरी खर्च गुणिले रिक्त पदे' असे गणित करणाऱ्यांनी शहरवर्गाची विभागणी न घेता ते करू नये.

शासनाचे १४ टक्के अंशदान (१ एप्रिल २०१९ पासूनचा दर, कर्मचाऱ्याचे १० टक्केच) वेतनचिठ्ठीत एकदा भत्त्याच्या बाजूला आणि पुन्हा वजातीच्या बाजूला दिसते. त्यामुळे नव्या योजनेतल्या माणसाची स्थूल रक्कम भविष्यनिर्वाह निधीवाल्या जुन्या सहकाऱ्यापेक्षा मोठी दिसते, मूळ वेतन सारखे असूनही. दोघांच्या स्थूल रकमांवरून खर्चाची तुलना करायची तर आधी हा भाग वेगळा काढा. आयकराच्या वेळी कर्मचारी हाच प्रश्न घेऊन लेखा शाखेत येतात, तेव्हा उत्तर तयार असलेले बरे.

आता महिन्यांचा घोळ. मार्चचा पगार एप्रिलमध्ये खर्ची पडतो, म्हणून आर्थिक वर्षाचा वेतनखर्च म्हणजे मार्च ते फेब्रुवारी या बारा महिन्यांची देयके. गणपती किंवा दिवाळीआधी पगार देण्याचा निर्णय झाला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला तसा, की एका महिन्यात दोन पगार खर्ची पडतात आणि पुढचा महिना रिकामा दिसतो. वर्षाची बेरीज बदलत नाही, पण मासिक आलेख पाहून कुणी तरी स्पष्टीकरण मागतेच.

थकबाकीने होणारा फुगवटा याहून फसवा. महागाई भत्ता १ जुलै २०२४ पासून ५० वरून ५३ टक्के झाला, पण राज्याचा निर्णय आला फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्या महिन्याच्या देयकात सात महिन्यांची थकबाकी बसली. १९,९०० मूळ वेतनावर ३ टक्के म्हणजे ५९७, सात महिन्यांचे ४,१७९. हे देयक बाराने गुणले तर एका लिपिकामागे वर्षाला पन्नास हजारांचा खोटा खर्च उभा राहतो. अंदाज बांधताना थकबाकीविरहित महिना घ्यावा. त्यात १ जुलै आणि १ जानेवारी या दोन्ही तारखांच्या वेतनवाढी, वर्षातले दोन संभाव्य महागाई भत्ते, निवृत्त होणाऱ्यांची वजावट आणि खरोखर भरली जाणारी पदे एवढे मिळवायचे. खरोखर भरली जाणारी म्हणजे ज्यांची जाहिरात निघाली आहे ती. 'सर्व रिक्त पदे भरली जातील' असे धरून मागणी करायची आणि मार्चमध्ये निम्मे अनुदान समर्पित (परत) करायचे, ही जुनी रीत आहे. चारमाही आणि आठमाही सुधारित अंदाज असतात ते हे सावरण्यासाठीच, पण अनेक ठिकाणी ते मागच्या वर्षीच्या कागदावर टक्केवारी चढवून जातात.

वेतनवाढीबद्दल एक सूचना. जुलैची वेतनवाढ एकगठ्ठा मंजूर करण्याचे पान सोयीचे आहे, म्हणूनच धोक्याचे. असाधारण रजेमुळे अर्हताकारी सेवा कमी पडलेला किंवा वेतनवाढ रोखण्याची शिक्षा झालेला माणूस यादीतून हाताने वगळावा लागतो. तो राहून गेला तर मूळ वेतन चढते, त्यावरचे सगळे भत्ते चढतात आणि वसुली निघते ती सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेल्यावर, बहुधा निवृत्तीच्या तोंडावर.

खर्चमेळ : चार आकडे, एक रक्कम

सेवार्थचा आकडा म्हणजे खर्च नव्हे. सेवार्थ देयक सांगते, बीम्स त्या देयकासाठी अडवलेले अनुदान सांगते, कोषवाहिनी पारित व्हाउचर सांगते. मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापालांच्या पुस्तकात जाते ते व्हाउचर. चौघांची बेरीज महिन्याला जुळावी, जुळत नाही याची कारणे ठरलेली आहेत.

पहिले कारण उद्दिष्ट शीर्ष ०१ (वेतन) मध्ये पगाराशिवायही रकमा पडतात हे. वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती याच शीर्षाखाली जाते, पण नियमित वेतन देयकात ती नसते. एखाद्या कार्यालयात दोन मोठी शस्त्रक्रियेची देयके आली की बीम्सचा ०१ चा आकडा सेवार्थच्या बेरजेपेक्षा लाखांनी पुढे जातो. दुसरे, आक्षेप लागून परत आलेली देयके : बीम्समध्ये रक्कम अडलेली, कोषागारात पारित नाही. तिसरे, चुकीच्या बिल ग्रुपमध्ये टाकलेला कर्मचारी. बिल ग्रुप लेखाशीर्षाला बांधलेला असतो, त्यामुळे योजनेतल्या पदावरच्या माणसाला नियमित आस्थापनेच्या ग्रुपमध्ये ठेवले तर पगार बिनबोभाट निघतो आणि खर्च भलत्याच शीर्षात जातो. हे वर्षअखेरीस पुनर्विनियोजनाच्या, म्हणजे एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवण्याच्या, वेळी उघडे पडते, तोवर अकरा देयके झालेली असतात. खर्चमेळ दर महिन्याला घ्या असे नियम सांगतोच. निदान तिमाहीला तरी व्हाउचरनिहाय घ्यावा, नुसत्या बेरजेने नाही.

जे सेवार्थमध्ये नाहीतच

कार्यालयात शिरल्यावर दिसणाऱ्या माणसांपैकी बरीच या प्रणालीत नाहीत. बाह्यस्रोतातून आलेले संगणकचालक, सुरक्षारक्षक, सफाई कामगार यांचा खर्च ०१ मध्ये नसतो, तो कंत्राटी सेवांच्या १० या शीर्षात असतो आणि तिथे माणसांची नावे नसतात, संस्थेचे बिल असते. काहींचा तर योजनेच्या प्रशासकीय खर्चात बसवलेला असतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कर्मचारी मानधन अभियानाच्या सोसायटीच्या खात्यातून घेतात. परिणाम असा की एखाद्या विभागाचा वेतनखर्च घटलेला दिसतो, पदे रिक्त दिसतात, आणि काम मात्र तेवढ्याच माणसांकडून चालू असते, वेगळ्या शीर्षातून पैसे देऊन. आरोग्य किंवा महसूल विभागातल्या मनुष्यबळाची चर्चा नुसत्या सेवार्थच्या आकड्यांवर करणाऱ्याला खरा खर्च दिसत नाही. वर दिलेल्या चार रकान्यांच्या तालिकेला म्हणूनच पाचवा रकाना जोडावा : कंत्राटी माणसे, संस्थेच्या बिलाबरोबरच्या हजेरीपत्रकावरून मोजलेली, आणि कोणत्या शीर्षातून.

अनुदानित शाळांच्या शिक्षकांसाठी शालार्थ ही भावंड प्रणाली आहे. तिथला खर्च सहायक अनुदाने (वेतन), म्हणजे ३६ या शीर्षात जातो. राज्याचा 'पगारावरचा खर्च' सांगताना ०१ घेतले आणि ३६ विसरले तर आकडा प्रचंड चुकतो. वृत्तपत्रांतले बरेच वाद या दोन व्याख्यांच्या गोंधळातूनच निघतात.

माहितीकोष

मनुष्यबळाची अधिकृत मोजणी अर्थ व सांख्यिकी संचालनालय करते. १ जुलै हा संदर्भ दिनांक धरून प्रत्येक आहरण अधिकाऱ्याने कर्मचाऱ्यांचा सर्वंकष माहितीकोष अद्ययावत करायचा. त्याचे प्रमाणपत्र नोव्हेंबरच्या वेतन देयकाला जोडावे लागते, नाही तर देयक कोषागारात अडते. पगार अडवण्याची ही युक्ती कामाला येते, माहिती वेळेत जमा होते. तिचा दर्जा ही मात्र वेगळी गोष्ट. प्रमाणपत्राच्या घाईत मागच्या वर्षीचीच ओळ पुढे ढकलली जाते. नोव्हेंबर उजाडायची वाट न पाहता जुलैचे देयक काढल्यावर लगेच ती चार-पाच रकान्यांची तालिका केली तर माहितीकोष भरायला वेगळे श्रम लागत नाहीत.

चाव्या कुणाच्या हातात

सेवार्थची रचना दोन माणसे गृहीत धरते. सहायक भरतो, अधिकारी मान्यता देतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन्ही पासवर्ड एकाच टेबलाच्या खणात असतात, आणि काही ठिकाणी तर पहिल्या दिवशी मिळालेला, सगळ्यांना पाठ असलेला पासवर्डच बदललेला नसतो. हा दोष प्रणालीचा कमी, वापरणाऱ्यांचा अधिक. तरी दर काही महिन्यांनी सक्तीने बदल आणि मान्यतेच्या वेळी मोबाईलवर संकेतांक, इतके तर असायलाच हवे.

हे किती महागात पडते ते नागपूर विभागात २०२५ मध्ये उघड झालेल्या बोगस शालार्थ आयडींच्या प्रकरणाने दाखवले. नियुक्तीच खोटी असलेल्यांचे आयडी तयार झाले आणि पगार निघत राहिले. आयडी एकदा तयार झाला की पुढची प्रत्येक पायरी त्याला खराच मानते : देयक बरोबर, वजाती बरोबर, व्हाउचर बरोबर. म्हणून नव्या आयडीला मान्यता देताना पाच कागद समोर असावेत. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, पदाची मंजुरी, बिंदुनामावलीतला (आरक्षणाच्या नोंदवहीतला) क्रमांक आणि सेवापुस्तकाचे पहिले पान. अर्ज छापून त्यावर सही करण्याची पद्धत आहेच, फक्त सही करणाऱ्याने मूळ कागद पाहिलेले असावेत.

उलट बाजूही आहे. माहिती एका ठिकाणी असल्याचा फायदा २०२५ मध्ये दिसला. लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थ्यांची यादी सरकारी कर्मचाऱ्यांच्या माहितीशी ताडली गेली आणि दोन हजारांहून अधिक सरकारी महिला कर्मचारी त्यात निघाल्या. इतर खात्यांची छाननी करायला उपयोगी पडणारी हीच माहिती उसनवारीवरच्या लिपिकाचा ठावठिकाणा सांगू शकत नाही, हे जरा गमतीचेच.

मनुष्यबळाच्या हिशेबासाठी म्हणून पाचपैकी दोन गुण. ते तीन-साडेतीन करायला नवी प्रणाली नको, तीन पाने पुरतील. पहिले, प्रत्यक्ष कामाचे ठिकाण आणि पगाराचे ठिकाण वेगळे नोंदवणारे, उसनवारीच्या आदेशाच्या क्रमांकासह. दुसरे, आकृतिबंधाच्या निर्णयातली संख्या मंत्रालयीन विभागाने वरून भरायची आणि त्याहून जास्त पदे खालच्या कार्यालयाला उभीच करता येऊ नयेत असे. तिसरे, मुदत संपायला साठ दिवस उरलेल्या पदांची यादी, अधिकाऱ्याने आत शिरताच समोर येणारी. तोवर मुदतवाढीच्या निर्णयांची वही आस्थापना लिपिकाच्या टेबलावर ठेवावी, पदनाम, पदसंख्या, निर्णयाचा क्रमांक, मुदतीची अखेर आणि सेवार्थमध्ये नोंद केल्याची तारीख अशा पाच रकान्यांची, आणि दर महिन्याच्या १५ तारखेला, देयकाचे काम सुरू होण्याआधी, तिच्यावरून एकदा बोट फिरवावे.